दादांवरचा दात

मूठभर शेंगदाणे तोंडात टाकावेत आणि नेमका शेवटचा दाणा खवट निघावा, तसा हा माणूस माझ्या वाट्याला आला, असं त्याची बायको म्हणायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी म्हणाली, तेही चारचौघांत, आणि नाव पडलं ते पडलंच. खवट. गल्लीतली पोरंटोरं त्याला खवटकाका म्हणायला लागली, पण त्याला राग यायचा सोडून उलट बरंच वाटायचं. गोड माणसाला मुंग्या लागतात, खवट माणसाच्या वाटेला कुणी जात नाही, असं तो म्हणायचा. हे अर्थात खोटं होतं. त्याच्या खोलीत रोज संध्याकाळी सहा-सात माणसं ठाण मांडून बसलेली असायची आणि त्यातल्या एकाचंही त्याच्याकडे काही काम नसायचं.

त्याचं काम कवळ्या करायचं. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना, तिथे डॉक्टरीणबाई दात काढायच्या, आणि खाली जिन्याखालच्या तळघरातल्या खोलीत हा नवे दात घडवायचा. "वर उपटणी, खाली पेरणी," तो म्हणायचा. खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात कवळ्या शिजवायचं पातेलं, टेबलाला पक्की केलेली घासायची मोटर, आणि सगळ्यावर बारीक गुलाबी भुकटी. चहाच्या कपातसुद्धा. भिंतीत वर एक खिडकी होती, ती बाहेर बरोबर फुटपाथला लागून उघडायची. तिच्यातून माणसं दिसायची नाहीत, त्यांच्या चपला-बूट तेवढे दिसायचे. खवटला त्याचं काही वाटत नसे. त्याच्या मते माणूस चेहऱ्यापेक्षा बुटांवरून जास्त कळतो, कारण बुटांना हसू आणता येत नाही.

आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून त्याने आपलं एक तत्त्वज्ञान तयार केलं होतं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण लोक नशिबाला नावं ठेवताना वापरतात. खवट म्हणायचा, "अरे, ती सद्गुणाची व्याख्या आहे! माझ्या बाकावर बसतात ना म्हातारे, एकेक काय सात्त्विक झालेले असतात. मटण सोडलं, सुपारी सोडली, कुणाला लागेल असं बोलणं सोडलं. आणि कवळी बसल्यावर पहिलं काय विचारतात? हाड फोडता येईल का!"

बाकावरची मंडळी हसायची. मग कुणीतरी मुद्दाम डिवचायचं, "पण खवटकाका, व्यसन सोडणारा माणूस मोठाच म्हणायचा की नाही?"

"माणूस कुठे व्यसन सोडतो? व्यसनच कंटाळून त्याला सोडून जातं. मग हा गावभर सांगत सुटतो की मी हाकललं म्हणून."

"आणि क्षमा करणारा?"

"त्याला मारता येत नसतं."

त्याच्या या सगळ्या सिद्धान्ताविरुद्ध पाय रोवून उभा राहिलेला असा एकच माणूस होता, आणि नेमका तो त्याच्या सासरचा निघाला. बायकोचा थोरला भाऊ. दादा.

दादा शाळेचे मुख्याध्यापक होते, आता निवृत्त. काय सांगावं त्यांच्याबद्दल! पत्ते खेळताना एकदा मुद्दाम हरले, कारण समोरच्याची पानं चुकून दिसली होती. बरं, हरले ते हरले, वर तसं सांगून टाकलं आणि जिंकणाऱ्याच्या आनंदावर पाणी ओतलं. खवटच्या बायकोने एकदा धांदलीत त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दादांनी कप संपवला. कसा झालाय विचारल्यावर म्हणाले, "वेगळा झालाय." आता बघा, खोटंही नाही आणि कुणाला लागेल असंही नाही. असल्या माणसाचं करायचं काय? आणि घरात उठता-बसता एकच जप. टॉवेल पलंगावर टाकला, दादा बघा. आवाज चढला, दादा बघा. नळ दुरुस्त करणाऱ्याला मूर्ख म्हणालात, आमचा दादा कधी...

"तुझा दादा नळाला पण अहोजाहो करत असेल," खवट म्हणायचा.

त्याला आयुष्यात फार काही नको होतं. दादांचा एक दुर्गुण सापडावा, एवढीच इच्छा. मोठाही नको. बाई-बाटली असलं काही त्याला अपेक्षितच नव्हतं. खिशात मावेल एवढा, छोटासा असला तरी चाललं असतं. रोज संध्याकाळी ते काळे, पॉलिश केलेले बूट खिडकीबाहेरून जायचे, मधेच जरा थबकायचे, आणि मग पुढे जायचे. खवट बाकावरच्या लोकांना खूण करायचा, "थांबले बघ. पापं मोजतायत आपली." आणि मुद्दाम आवाज चढवून आणखी एखादा वाह्यात विनोद करायचा.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. दादांचे उरलेसुरले दात डॉक्टरीणबाईंनी काढले, आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचा सत्कार ठरवला. मोठं सभागृह, हार, शाल, आणि शेवटी दादांचं भाषण. विषय 'सदाचार आणि संयम'. म्हणजे सत्काराला दात हवेत. बायको कमरेवर हात ठेवून खोलीच्या दारात उभी राहिली.

"अहो, आमच्या घराण्यातला पहिला सत्कार आहे हा. भाषणात कवळी हलली, पडली, काही झालं, तर मी माहेरी तोंड दाखवू शकणार नाही. आणि तुम्हालाही दाखवणार नाही."

"दुसरं कलम आधी सांगायचंस," खवट म्हणाला.

दादा माप द्यायला आले तेव्हा खवट दुसऱ्या एका आजोबांची कवळी तपासत होता. तपासायची त्याची पद्धत ठरलेली होती. मेणात दात बसवून झाले की कवळी तोंडात घालायची आणि माणसाला साठापासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचं. साठ, एकसष्ट, बासष्ट... त्यात पावलोपावली स. वरचे पुढचे दात जरा जरी पुढे आलेले असले तरी स फसतो. शब्दाच्या पोटातला असेल तर कसाबसा निभावून जातो, पण शब्दाच्या तोंडाशीच आला की त्याची शीळ होते. सहासष्ट आणि सदुसष्ट हे दोन खरे परीक्षक. तिथे शीळ आली नाही की कवळी पास. दादा बाकावर बसून त्या आजोबांची मोजणी ऐकत होते, ताठ, गुडघ्यांवर हात ठेवून.

मग त्यांची पाळी आली. माप घ्यायचा गुलाबी लगदा खवटने त्यांच्या तोंडात भरला आणि म्हणाला, "हलू नका. बोलू नका." आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की हा माणूस आत्ता बोलूच शकत नाही! संसार सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दादांचं तोंड त्याच्या ताब्यात होतं. अशी संधी कोण सोडेल?

"दादा, एक सांगू? तुम्ही रागावत नाही याचं मला काही कौतुक नाही. मुख्याध्यापकाला उलट बोलणार कोण? लाच घेतली नाहीत. पण शाळेत लाच देणार कसली, खडू? आणि लोक तुम्हाला नम्र म्हणतात ना, त्यांनी इतक्या वेळा म्हटलंय, की आता तुम्हाला त्याचा गर्व झाला असणार. नाही का?"

"ऊं," दादा म्हणाले.

"बघा, कबूल केलंत."

लगदा सुटला. दादांनी रुमालाने ओठ टिपले. खवटला वाटलं, आता काहीतरी शांत, समजूतदार, जिव्हारी लागेल असं उत्तर येणार. पण दादांनी खिशातून एक फोटो काढला. लग्नातला, कडा पिवळ्या पडलेला. फोटोत तरणेबांड दादा तोंडभर हसत होते, आणि वरचे पुढचे दोन दात चांगले मोठे, ठसठशीत, किंचित पुढे आलेले.

"मेहुणे, दात अगदी अशे हवेत," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "अगदी अशे. होईल?"

खवटच्या कानात घंटा वाजल्या. सापडला! शेवटी सापडला! सत्तरीला टेकलेला माणूस, साधी राहणीवाला, कोटाला ठिगळ लावून वापरणारा, आणि याला हवेत नवरदेवाचे दात! दिखाऊपणा. सत्काराला फोटो निघणार, त्यात तरुण दिसायचंय. खवटला इतका आनंद झाला की त्याने हातातला चमचा भुकटीत पाडला.

"का हो दादा, एवढी हौस?"

दादांनी फोटो परत खिशात ठेवला. "अशेच हवेत," एवढंच म्हणाले, आणि नजर चुकवली. नजर चुकवली! दादांनी!

आता खवटला कामातलं कळत होतं. तरुणपणी तसे दात शोभतात, कारण हिरडी भरलेली असते, ओठ घट्ट असतो. आता जबडा आक्रसला होता. त्यावर तेच दात तितकेच पुढे बसवले तर वारा सुटणार आणि शीळ येणार, हे शिकाऊ माणूसही सांगेल. दुसऱ्या कुणाला त्याने दोन वाक्यांत समजावलं असतं. पण दादांना? 'सदाचार आणि संयम' वर बोलणाऱ्याला? मेणाची कवळी घालून बघायला दादा आले तेव्हा खवटने आरसा दाखवला, चावून बघायला सांगितलं, ओठ मिटायला लावले, आणि साठ-सत्तर मोजायला लावलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा. दादाही गडबडीत होते, आरशात एकदा बघून, ओठांतल्या ओठांत "छान" म्हणून गेले.

रात्री बायकोने विचारलं, नीट झालंय ना? खवट म्हणाला, "फोटोबरहुकूम." आणि गाढ झोपला. पापी माणसाला झोप लागत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे.

सत्काराच्या आदल्या दिवशी कवळी तयार झाली. बायको म्हणाली, चला, घरीच देऊन येऊ, वहिनीलाही बघून होईल. वहिनी म्हणजे दादांची पत्नी. अलीकडे ती विसरायला लागली होती, एवढं या दोघांना ठाऊक होतं. मीठ कुठे ठेवलं, नळ बंद केला का, असलं. वयाचं असतं तसं.

दार दादांनीच उघडलं. आतल्या खोलीत वहिनी खिडकीशी खुर्चीवर बसली होती. समोर वाटीत मऊ भात कालवलेला, निवून गेलेला. तिने खवटच्या बायकोला बघितलं आणि हाक मारली.

"बरं झालं आलीस. या बाबांना सांग ना जरा." तिने दादांकडे बोट दाखवलं. "कोण आहेत कोण जाणे. सारखे मला भरवायला बघतात. चांगले आहेत बिचारे, पण असं परक्या माणसाच्या हातून कसं जेवायचं? आमचे हे आले की जेवेन मी."

तिच्या मांडीवर तो लग्नाचा फोटो होता.

दादांनी खवटच्या हातातून डबी घेतली, भिंतीकडे तोंड केलं, आणि कवळी बसवून वळले. वहिनी बघत राहिली. फोटोकडे नाही, त्यांच्याचकडे. मग तिचा चेहरा असा खुलला, की खवटला दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

"आलात? किती उशीर हो! आणि भात गार झाला ना."

दादा तिच्यासमोर स्टुलावर बसले. तिने पहिला घास त्यांच्या हातून खाल्ला, मग दुसरा. दात काढल्यापासून ती त्यांना ओळखत नव्हती. पंधरवडाभर तो माणूस आपल्याच घरात परका होऊन, हातात वाटी घेऊन उभा होता आणि कुणाला अक्षर बोलला नव्हता. बायकोची फजिती चारचौघांत कशी सांगायची, म्हणून.

वाटी रिकामी झाल्यावर दादा उठले, खवटचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "सांभाळलंत मला, मेहुणे."

आणि शीळ आली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जो बारीक सूर निघतो ना, तशी, चांगली लांब. दादा दचकले. पुन्हा म्हणून बघितलं. "सां... सदाचार. संयम." प्रत्येकाला एकेक. वहिनी टाळी वाजवून हसली, "शीळ काय घालताय, पोरं बघतायत!" आणि खवट तिथे उभा होता, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत.

घरी आल्यावर बायको दारात चप्पल काढताना म्हणाली, "साठ-सत्तर मोजायला लावलं होतंत ना त्याला?"

खवट चपलेचा पट्टा सोडत बसला.

"बोला की. एरवी तोंड मिटत नाही तुमचं."

"नाही लावलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "तुमचा दादावर दात होता. आयुष्यभर होता, मला माहीत होतं. तो तुम्ही त्याच्याच तोंडात बसवलात."

खवटला रडू आलं, ते त्याने बेसिनवर तोंड धुता धुता उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच तो दादांकडे गेला. "द्या इकडे कवळी. दात मागे घेतो, दुपारपर्यंत देतो. स एकदम स्वच्छ होईल."

"मागे घेतल्यावर असे दिसतील?"

"असे नाही दिसणार."

"मग राहू द्या." दादा हसले, फोटोतलं हसू. शीळ येऊ नये म्हणून शब्द निवडून बोलत होते, पाण्यातल्या दगडांवरून पाय टाकावा तसे. "काल तिने मला चिडून हाक मारली, मेहुणे. 'अहो, दिवा घालवा.' मला काय वाटलं म्हणून... नको. हात लावू नका."

"पण भाषण?"

"करू नये म्हणतो. विषयच बघा ना. पहिल्याच शब्दाला शीळ."

खवट खाली बसला. डोकं खाजवलं. सद्गुण, सत्य, सदाचार, संयम, सेवा, सचोटी, सहनशीलता, सज्जन. मराठीत बऱ्या गोष्टी बघाव्या तर सगळ्या स च्या घरच्या! आणि एकाएकी तो ताडकन उठला.

"दादा! दुर्गुणांवर बोला!"

"काय?"

"बघा ना! काम, क्रोध, लोभ, मोह, मद. आहे कुठे शीळ? खोटेपणा, लबाडी, बढाई, चहाडी, कुठेच नाही! पाप करायला दात लागत नाहीत, दादा, हे मी आज शिकलो!"

दादा बघत राहिले. मग म्हणाले, "पण मला त्यातलं काही येत नाही हो."

"मला येतं," खवट म्हणाला. "लिहून घ्या."

दुपारपर्यंत दोघं बसले होते. वहिनी मधे मधे येऊन हे कोण म्हणून खवटबद्दल विचारायची आणि दादा सांगायचे, "माझे मित्र." खवटने आयुष्यभरात केलेली सगळी वाह्यात वाक्यं दादांना दिली, स गाळून. शेवटी एकाच जागी अडलं. शत्रू सहा, आणि सहावा मत्सर. त्या त आणि स च्या जोडीवर तर शीळ हमखास, त मागून ढकलतो ना.

"पाचच सांगा. सहावा गाळा. कोण मोजतंय?"

"षड्रिपू आहेत, मेहुणे. पाच म्हटलं तर खोटं होईल," दादा म्हणाले. हा माणूस सुधारायचा नाही, खवटने मनात म्हटलं.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत वहिनी, तिच्याजवळ खवटची बायको, पदराचं टोक मुठीत आवळून. खवट मुद्दामच मागे, दाराजवळ बसला. काही झालं तर पळायला. दादा उभे राहिले. अंगावर शाल, गळ्यात हार, आणि पुढे ते दोन नवरदेवाचे दात.

"मंडळी," ते म्हणाले, "मला गुणांवर बोलायला बोलावलंय. मी अवगुणांवर बोलणार आहे. गुणांवर बोलणारा माणूस आडून आपलीच तारीफ करतो. अवगुणांवर बोललं की निदान शेजाऱ्याला ऐकायला बरं वाटतं."

सभागृहात एकच हशा. दादांनी हे असं बोलावं!

"पहिला काम. याबद्दल माझी पत्नी पुढेच बसली आहे, तेव्हा आपण पुढच्याकडे जाऊ. क्रोध. मला राग येत नाही म्हणतात. अहो, मुख्याध्यापकाला उलट बोलणार कोण? लोभ. मी लाच घेतली नाही. शाळेत लाच काय देणार, खडू? मोह टाळायला निर्धार लागत नाही, लवकर झोप येणारी प्रकृती पुरते. आणि मद. मी नम्र आहे, हे मला इतक्या जणांनी ऐकवलं, की मला त्याचा गर्व झाला."

लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. टाळ्यांवर टाळ्या. खवटच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकेक वाक्य त्याचं, आणि शोभत होतं मात्र दादांना. खवट बोलला असता तर लोक खवट म्हणाले असते. पाच झाले. आता बसा, तो मनात म्हणत होता, बसा दादा, बसा.

दादा बसले नाहीत. पेल्यातलं पाणी प्यायले.

"आणि मत्सर."

शीळ थेट दारापर्यंत आली. लोकांना वाटलं हाही विनोदच, ते पुन्हा हसले. वहिनी शेजारच्या बाईला मोठ्याने म्हणाली, "हे आमचे. भर सभेत शिट्ट्या मारतात. वाह्यात आहेत अगदी!" तिच्या चेहऱ्यावर काय तो अभिमान.

"सहावा," दादा म्हणाले, आणि आता त्यांनी शीळ टाळायचं सोडूनच दिलं. "सगळ्यात जवळचा. आधीचे पाच मी ऐकून आहे, हा स्वतः सांभाळलाय. त्या तिथे दाराशी माझे मेहुणे बसलेत. आत्ता तुम्ही ज्याला हसलात, ती सगळी वाक्यं त्यांची. त्यांच्या खोलीत रोज संध्याकाळी माणसं जमतात. माझ्याकडे लोक सल्ल्याला यायचे, सल्ला मिळाला की उठायचे. सज्जन माणसाच्या घरी कुणी पाय पसरून बसत नाही. मी रोज त्या खिडकीवरून जातो. आतून हसणं ऐकू येतं. जरा थांबतो. वाटतं, आत जावं. पण मला कुणी कधी बोलावलं नाही, आणि न बोलावता जाणं सभ्यपणाचं नव्हतं. तेव्हा सांगायचं काय, की सद्गुणी म्हणून माझा सत्कार करताय, पण सगळं आयुष्य मी एका माणसाचा मत्सर केलाय. आता बसतो."

प्रत्येक स ला शीळ होती, आणि कुणी हसत नव्हतं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. खवटची बायको मागे वळून दाराकडे बघत होती, डोळे पुसत. खवट मान खाली घालून बसला होता. हवा होता तो दुर्गुण शेवटी मिळाला होता, दादांनी स्वतःच्या हाताने दिला होता, आणि तो हातात धरवत नव्हता. कारण तसाच्या तसा, त्याच मापाचा, त्याच्याकडे घरी पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत नेहमीची मंडळी जमली. विषय अर्थात भाषणाचा. तेवढ्यात खिडकीत काळे बूट आले आणि थबकले. खवटने हातातली कवळी खाली ठेवली. स्टूल ओढलं, त्यावर चढला, खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि बुटांना उद्देशून ओरडला, "दादा, आत या!"

बूट जरा घोटाळले. मग जिन्यावर पावलं वाजली. दादा दारात उभे राहिले. बाकावरची माणसं सरकली, एकाने जागा पुसली, सगळी जरा आवरून बसली.

"पाय पसरा," खवट दादांना म्हणाला. "इथे तसंच बसायचं असतं."

दादांनी विचार करून एक पाय पसरला. मग दुसरा. मग म्हणाले, "मेहुणे, एक विचारू? त्या आजोबांना तुम्ही मोजायला लावलं होतंत. साठ ते सत्तर. मला नाही लावलं. का?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. कालच्या भाषणातही माहीत होतं. खवटने हात पुसले. थाप मारायला तोंड उघडलं, आणि खरं तेच बाहेर पडलं.

"तुमच्यावर दात होता, दादा."

दादांनी ते ऐकून घेतलं, नीट, विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसं. मग पुढच्या ठसठशीत दातावर नखाने टकटक वाजवलं.

"होता खरा," ते म्हणाले. "आता माझ्याकडे आहे."

पहिला कोण हसला सांगता येणार नाही, पण दादाच असावेत, कारण शीळ आली. मग खवट त्यांच्यासमोर स्टुलावर बसला, कान पुढे केला आणि म्हणाला, "हं, मोजा."

"साठ," दादांनी सुरुवात केली, आणि फुटपाथवरून जाणारे दोन-चार बूट खिडकीपाशी थबकले.